गच्चीवरचे एक्कावन्न अंश

३० मे २०२४ च्या दुपारी नागपुरात रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतातले हवामान खात्याचे स्वयंचलित केंद्र ५६ अंश सेल्सिअस दाखवत होते आणि सोनेगावचे ५४. बघता बघता हे आकडे शहरभर फिरले. जगातली आजवरची उच्चांकी नोंद ५६.७ अंशांची आहे, कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीतली, १९१३ सालची. भारताचा उच्चांक ५१ अंश, राजस्थानात फलोदीला, १९ मे २०१६ चा. नागपूरचा स्वतःचा ४७.९, मे २०१३ मधला. देशाचा आणि शहराचा उच्चांक एका दुपारीत मागे पडला असता, जगाचा जेमतेम वाचला असता. खापरी आणि रामटेकची केंद्रे मात्र त्याच दिवशी ४४ च्या आसपास होती. हवामान खात्याने सेन्सरमधला बिघाड असल्याचे सांगितले आणि विषय मिटला. आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूरच्या केंद्राने ५२.९ दाखवले होते. तिथला सेन्सर प्रमाण उपकरणापेक्षा तीन अंश जास्त दाखवतो, असे नंतरच्या तपासणीत निघाले.

मी लिहितो आहे ते त्याच आठवड्यातल्या एका घरगुती केंद्राबद्दल. मनीषनगर भागातल्या एका दुमजली घराच्या गच्चीवर ते होते आणि त्याने ५१.३ दाखवले होते. घरच्या काकांनी मला फोन करून विचारले, "भाऊ, आपलंही यंत्र बिघडलं का?" यंत्र बिघडलेले नव्हते. तरीही आकडा चूक होता. हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे असू शकते, ते शोधण्यात आमच्या जूनमधल्या बऱ्याच दुपारी गेल्या.

घर आणि यंत्र

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसले. काकांच्या घरात पाणी आले नाही, पण त्यांच्या बहिणीच्या घरात आले. त्या रात्री शहराच्या कुठल्या भागात किती पडतो आहे हे कुणालाच घरबसल्या कळत नव्हते. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने दिवाळीला येताना हवामान केंद्र आणले ते यासाठी. पंधरा-वीस हजारांच्या टप्प्यातले, सगळे एकाच दांड्यावर असलेले. वर वाऱ्याच्या वाट्या आणि दिशादर्शक, बाजूला पर्जन्यमापकाचे नरसाळे, खाली पांढऱ्या तबकड्यांच्या चळतीत तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर. घरात भिंतीवर डिस्प्ले. वायफायवरून सगळ्या नोंदी पाच-पाच मिनिटांनी साठत जातात आणि त्या पुण्यात बसलेल्या मुलालाही दिसतात.

बसवायला जागा गच्चीच मिळाली, कारण पाऊस आणि वारा दोन्हींना उघडे आकाश हवे. सोलर गीझरच्या लोखंडी स्टँडला क्लॅम्प मारून चार फुटी पाइप उभा केला. दीड मीटरवर पाण्याची काळी टाकी. खाली सिमेंटची गच्ची, जिच्यावर मार्चमध्ये ऊन परतवणारा पांढरा कोट मारून घेतला. नागपुरात हल्ली बरेच जण मारतात. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांना त्याने खरोखर आराम पडतो.

हिवाळाभर यंत्राने छान काम केले. पहाटेचा पारा दहा-अकरावर आला की काका नोंदी मुलाला पाठवत, आणि त्या सोनेगावच्या विमानतळावरच्या वेधशाळेच्या अधिकृत आकड्याच्या जवळ असत (मे मध्ये ५४ दाखवणारे स्वयंचलित केंद्र वेगळे). त्यामुळे घरात त्या डिस्प्लेवर विश्वास बसला. हा विश्वास रास्त होता. हिवाळ्यातली पहाट ही अशा यंत्रासाठी सर्वांत सोपी वेळ असते, पण तेव्हा हे कुणाच्या डोक्यात येण्याचे कारण नव्हते.

त्या आकड्याने काय केले

एप्रिलच्या शेवटी डिस्प्लेवर ४७ येऊ लागले. मे महिन्यात ४९, ५०. काका रोज दुपारी डिस्प्लेचा फोटो कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचे. "एवढं तापून राहिलं तर माणसानं जगावं कसं?" असे काकू म्हणायच्या, आणि त्यांनी दुपारी घराबाहेर पाऊल टाकणे बंद केले. धुणीभांडी करायला येणाऱ्या ताईंची वेळ दुपारी एकची होती, ती त्यांनी स्वतःहून सकाळी आठची केली. गटावरच्या आणखी दोन-तीन घरांनीही तसेच केले. हे फार चांगले झाले.

दुसरीकडे त्याच गटावर एक शंका वाढत होती. पेपरात ४४ आणि काकांकडे ५०, तर सरकार आकडे लपवते, असे काही जण म्हणू लागले. काही जण उलट म्हणाले की ही यंत्रे सगळी खेळणी आहेत. ३० मे च्या बातमीने दोन्ही बाजूंना जोर आला. ५६ ची बातमी आली तेव्हा काकांच्या यंत्राचे ५१ लोकांना एकदम पटले, आणि ५६ चा आकडा मागे घेतला गेला तेव्हा काकांचे यंत्रही त्याच ओळीत बसले.

माझी या प्रकरणातली खरी तळमळ इथे आहे. हवामान खात्याच्या निकषांनुसार मैदानी भागात कमाल तापमान ४५ वर गेले की ती उष्णतेची लाट, ४७ वर गेले की तीव्र लाट. म्हणजे ४५ हा आकडा स्वतःच माणसाला रुग्णालयात नेणारा आहे. त्या ताईंची वेळ बदलायला ४५ पुरेसे होते. पण महिनाभर रोज ५० वाचलेल्या माणसाला "आज ४५" हे थंड वाटू लागते, आणि ५० खोटे होते असे कळल्यावर तो ४५ वरही विश्वास ठेवत नाही. चार-पाच अंशांच्या चुकीने होणारे नुकसान हे आहे.

तपासणी

यंत्राला हात लावण्याआधी आम्ही साठलेल्या नोंदी पाहिल्या. घरगुती केंद्राची सर्वांत मोलाची गोष्ट डिस्प्लेवरचा आजचा आकडा नसून हा साठा असतो, आणि बहुतेक घरांत तो कुणी उघडून पाहत नाही. मुलाने पुण्याहून मे महिन्याच्या नोंदींचा आलेख करून पाठवला. शेजारी सोनेगावचे रोजचे कमाल-किमान मांडले.

पहिली गोष्ट किमान तापमानाची. पहाटे साडेपाचच्या सुमारास घरचा आकडा सोनेगावपेक्षा एखाद्या अंशाने जास्त होता, आणि तेवढा तो असायलाच हवा. विमानतळाची मोकळी जमीन रात्री लवकर निवते, दाट वस्तीतले सिमेंट दिवसाची उष्णता धरून ठेवते. फरक फक्त दुपारचा होता, चार अंशांच्या पुढचा. सेन्सरमध्येच खोट असती तर साधारणपणे ती रात्रीही दिसली असती. मुंगेशपूरचा प्रकार आणि हा प्रकार वेगळा आहे, हे इथेच कळून आले.

दुसरी गोष्ट वेळेची. मे महिन्यात नागपुरात हवा सर्वांत जास्त तापते ती दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान. सूर्य डोक्यावर सव्वाबाराच्या आसपास असतो, पण जमीन तापून तिने हवा तापवायला वेळ जातो. काकांच्या यंत्राचा उच्चांक बरेचदा एकच्या आधी येत होता. म्हणजे ते हवेपेक्षा सूर्याचे अधिक ऐकत होते. तिसरी गोष्ट ढगांची. एखादा ढग सूर्यावर आला की आलेख पाच-दहा मिनिटांत तीन अंश खाली, ढग सरकला की पुन्हा वर. शहरावरची हवा इतक्या झटपट थंड-गरम होत नाही. तबकड्या होतात.

आणि चौथी, जी आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आली नसती. मुलाने मार्चचे आकडेही मांडले होते. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात घर आणि सोनेगाव यांच्यातला दुपारचा फरक दोन अंशांच्या आसपास होता. नंतर तो एकदम वाढला आणि वाढलेलाच राहिला. मधल्या त्या दोन दिवसांत गच्चीला पांढरा कोट लागला होता. सेन्सरभोवतीच्या तबकड्या वरून आणि बाजूने येणारे ऊन अडवतात. खालून येणारे ऊन त्यांच्या फटींतून आत जाते. गवत किंवा माती ऊन बरेचसे शोषून घेते, म्हणून ही अडचण शेतात फारशी येत नाही. पांढरी गच्ची ते वर परत फेकते, तिचे कामच ते आहे. घराला गार ठेवणारा कोट यंत्राला खालून भाजत होता.

मग आम्ही गच्चीवर गेलो. दुपारचे दोन वाजले होते, आकाश निरभ्र, वारा जवळजवळ नाही. पायाखाली चप्पल असूनही एका जागी उभे राहवत नव्हते. घरातला उभा पंखा एक्स्टेन्शन बोर्डवर वर आणला होता. डिस्प्ले काकूंच्या हातात, जिन्याच्या सावलीत. पंखा लावण्याआधी त्यांनी वाचले, ४८.६. पंख्याचा झोत तबकड्यांवर सोडला. हा झोत गच्चीवरच्याच हवेचा होता, त्यात पाणी नाही, कूलर नाही. दोन मिनिटांनी ४७.४. मग ४६.३. दहा मिनिटांत आकडा ४५.१ वर येऊन थांबला. काकूंनी तो दोनदा मोठ्याने वाचला. पंखा बंद केला आणि आकडा पुन्हा चढू लागला.

पंख्याने हवा थंड होत नाही. तो फक्त तापलेल्या तबकड्यांमध्ये कोंडलेली हवा बाहेर काढतो आणि तिच्या जागी खरी हवा आणतो. साडेतीन अंश एवढे त्या कोंडलेल्या हवेचे होते. वारा असेल तेव्हा हे काम वाराच करतो, म्हणून वाऱ्याच्या दिवशी घरचा आकडा पेपरातल्या आकड्याच्या जवळ यायचा आणि पडलेल्या वाऱ्याच्या दिवशी दूर जायचा. नोंदीत वाऱ्याचा वेग शेजारच्याच रकान्यात होता, आणि दोन्ही रकाने एकत्र पाहिल्यावर ते स्वच्छ दिसले.

खात्रीसाठी मी माझा ओला-कोरडा तापमापक नेला होता. एका लाकडी चौकटीत दोन तापमापक, एकाच्या फुग्याला भिजवलेले मलमल गुंडाळलेले, मुठीला धरून गरगर फिरवायचे. घरामागच्या कडुनिंबाच्या सावलीत फिरवला. कोरडा ४४.४, ओला २३.२. त्यावरून आर्द्रता १६ टक्के निघाली. पंखा लावण्याआधी गच्चीवरच्या यंत्राने १३ टक्के दाखवली होती. पहिल्या नजरेला दोन्ही आकडे चुकले असे वाटते, तापमानही आणि आर्द्रताही. पण दोन्हींवरून दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे दव होऊ लागते तो आकडा, काढला तर तो दोन्हीकडे तेरा अंशांच्या जवळ येतो. दवबिंदू हवेत वाफ किती आहे यावर ठरतो, सेन्सर तापला म्हणून तो बदलत नाही. म्हणजे हवा तीच होती, सेन्सरही ठीक होता, फक्त तो स्वतः हवेपेक्षा गरम झाला होता. ज्यांच्याकडे घरगुती केंद्र आहे त्यांनी ही एक युक्ती लक्षात ठेवावी. शेजारच्या केंद्राशी दवबिंदू जुळतो आणि तापमान जुळत नाही, तर दोष जागेचा किंवा कवचाचा धरावा.

आर्द्रतेच्या सेन्सरची स्वतंत्र परीक्षाही घेतली, ती स्वयंपाकघरात. वाटीत मीठ घेऊन त्यात जेमतेम ओलसर होईल एवढे पाणी, खिरीसारखे पातळ नाही. ती वाटी आणि सेन्सर घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात, रात्रभर. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते, तापमान थोडे वरखाली झाले तरी. सकाळी यंत्र ७३ दाखवत होते. या किमतीच्या यंत्राला हे उत्तम.

जागा

तापमान सावलीत मोजायचे हे सगळ्यांना ठाऊक असते. सावली कशी हवी हे कमी जणांना. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे दीपगृह अभियंता थॉमस स्टीव्हन्सन यांनी झरोक्यांची पांढरी लाकडी पेटी केली, ती आजही वेधशाळांत उभी असते. हवा खेळती, ऊन आणि पाऊस बाहेर, आपल्याकडे दार उत्तरेला. जागतिक हवामान संघटनेनुसार तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, आणि सर्वोत्तम वर्गाची जागा म्हणायची तर शंभर मीटरच्या आत कृत्रिम उष्णतेचा स्रोत किंवा ऊन परतवणारा पृष्ठभाग नको. पंधराशे चौरस फुटांच्या प्लॉटवर हे होणार नाही. मनीषनगरात कुणाकडेच होणार नाही. म्हणून काही जण निराश होऊन यंत्र काढून ठेवतात, आणि मला ते अजिबात पटत नाही. शहरात माणसे जिथे राहतात तिथली हवा मोजायची आहे. विमानतळावरची हवा विमानतळावर मोजलीच जाते. अट एवढीच की मोजली जाते ती हवा असावी.

अडचण सगळे एकाच दांड्यावर असण्याची होती. वाऱ्याला दहा मीटर उंची आणि मोकळीक हवी. पावसाला उघडे आकाश हवे पण जोराचा वारा नको. तापमानाला जमिनीजवळ, मातीवर, खेळत्या सावलीत जागा हवी. एका खांबावर तिघांचे भागत नाही. काकांनी तापमान-आर्द्रतेचा एक सुटा जादा सेन्सर मागवला, जो त्याच डिस्प्लेला जोडता येतो, आणि त्याला लहान पंख्याचे कवच घेतले. पंखा स्वतःच्या सोलर पट्टीवर चालतो, म्हणजे ऊन जेवढे कडक तेवढा तो जोरात, आणि गरजही नेमकी तेव्हाच. घरामागे कडुनिंब आणि कुंपणभिंत यांच्या मधल्या पट्ट्यात, भिंतीपासून शक्य तितके दूर, दीड मीटरच्या खांबावर ते बसवले. बुंध्याला टेकवले नाही. झाडाखाली अगदी आत नेले तर पाने सोडत असलेल्या वाफेने आकडा दुसऱ्या बाजूला चुकतो. खाली फरशी होती, ती उपटून माती केली आणि काकूंनी तिथे दूर्वा लावल्या. घरच्या कूलरचे तोंड त्या बाजूला होते, ते फिरवावे लागले.

गच्चीवरचा जुना सेन्सरही चालूच ठेवला. तसा सल्ला मीच दिला, कारण दोन आकडे शेजारी दिसत राहिले की फरक का पडतो हे घरातल्या प्रत्येकाला रोज कळते. जूनमध्ये उरलेल्या उन्हाळ्यात घरामागचा सेन्सर बहुतेक दिवशी सोनेगावच्या कमालशी अंशभराच्या आत राहिला. काकांनी गटावर दोन्ही आकड्यांचा फोटो टाकला आणि खाली सविस्तर लिहिले की मे महिन्यातले आकडे गच्चीचे होते, हवेचे नव्हते. त्या खुलाशासाठी मला त्यांचा फार आदर वाटतो. एवढे कष्ट घेऊन आपला आकडा दुरुस्त करणारी माणसे थोडी असतात.

मग वापर सुरू झाला

खरा आकडा हाती आल्यावर त्याचा पहिला उपयोग कूलरला झाला. डेझर्ट कूलर हवेला जास्तीत जास्त ओल्या तापमापकापर्यंत खाली आणू शकतो, आणि बरी जाळी असेल तर त्या अंतराचा साधारण ऐंशी टक्के भाग कापतो. त्या दुपारी कोरडा ४४.४ आणि ओला २३.२ होता, म्हणजे कूलरमधून साडेसत्तावीसच्या आसपास हवा यायला हवी. डिजिटल तापमापक जाळीपाशी धरला तर ३१ आले. जाळीतले वुड वूल दोन वर्षांचे होते, क्षारांनी कडक झालेले, आणि पाणी एका बाजूनेच झिरपत होते. ते बदलले आणि पाण्याच्या नळीची भोके सुईने मोकळी केली तेव्हा २८ च्या खाली आले. घरातला उन्हाळा यंत्रामुळे प्रत्यक्ष बदलला असे मी म्हणेन ते यासाठी.

पाऊस जवळ आल्यावर उलटे झाले. तापमान ३५, आर्द्रता ६५ टक्के. ओले तापमान २९ च्या पुढे गेले. आता कूलर फार तर साडेतीस देणार, आणि तीही दमट हवा. बाहेर नऊ-दहा अंश कमी असूनही घरात मे महिन्यापेक्षा जास्त जीव घुसमटतो, हे प्रत्येक नागपूरकराला अंगाने ठाऊक आहे. काकूंनी डिस्प्लेवर दवबिंदू पाहायला सुरुवात केली. तो २३ च्या वर गेला की कूलरचा पंप बंद, नुसता पंखा आणि खिडक्या उघड्या. हा नियम त्यांनी स्वतः बसवला आणि तो चोख आहे.

हवेच्या दाबाचा गोंधळही याच काळात निस्तरला. डिस्प्ले ९७० हेक्टापास्कल दाखवत होता आणि बातम्यांत १००३ च्या आसपासचे आकडे येत. एकदा काकांना वाटले वादळ आले. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे आणि एवढ्या उंचीला दाब सुमारे ३५ ने कमी भरतो. यंत्रात उंची भरलेली नव्हती, ती भरली. त्यानंतर काकांनी स्वतः एक गोष्ट शोधली, आणि मला ती सांगताना त्यांचा आवाज चढला होता. दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास वर असतो आणि दुपारी चार-पाचला खाली, पुन्हा रात्री दहाला वर आणि पहाटे चारला खाली. उष्ण कटिबंधात वातावरणाची ही भरती-ओहोटी रोज होते, तीन-चार हेक्टापास्कलची, सूर्याने वरच्या थरांना तापवल्यामुळे. युरोपातल्या यंत्रमालकाला ती वादळांच्या चढउतारात सहसा दिसतही नाही. आपल्याकडे ती भिंतीवरच्या डिस्प्लेवर दिसते.

पावसाचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण तिथे मोठी अडचण निघाली नाही. जुलैमध्ये पुन्हा "पेपरात ६२ आणि आपल्याकडे २०" असा फोन आला. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, डिस्प्लेचा मध्यरात्री. रात्रभर पडलेला पाऊस दोघांनी वेगवेगळ्या तारखांत वाटून घेतला होता. साडेआठ ते साडेआठ बेरीज केली आणि ५७ आले. उरलेला फरक जागेचा आणि वाऱ्याचा. उघड्या गच्चीवर वारा नरसाळ्यावरून थेंब पळवून नेतो. खात्याच्या पर्जन्यमापकाचे तोंड जमिनीपासून फक्त ३० सेंटिमीटरवर असते, त्याचे एक कारण हेच.

मापकाची परीक्षा मात्र जरूर घ्यावी. त्यात दोन कप्प्यांचा एक छोटा झुलता पेला असतो, एका बाजूला पाणी भरले की कलंडतो आणि दुसरी बाजू पुढे येते, प्रत्येक कलंडीला ठरावीक पाऊस मोजला जातो. काकांच्या नरसाळ्याचा व्यास ११ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ९५ चौरस सेंटिमीटर. १० मिलिमीटर पावसासाठी ९५ मिलिलिटर पाणी हवे. मेडिकलमधून सलाइनचा सेट आणला, बाटलीत मोजून पाणी भरले आणि तासाभरात थेंबथेंब सोडले. ९.६ आले. तेच पाणी दोन-तीन मिनिटांत ओतले तर आकडा बराच कमी येतो, कारण पेला कलंडत असताना वरून पडणारे पाणी मोजणीतून निसटते. म्हणून ढगफुटीसारख्या सरीत घरचे यंत्र कमी दाखवते हे गृहीत धरावे. ज्या रात्रीसाठी ते आणले होते, त्या रात्री तर नक्कीच. काकांनी आता गच्चीवर जुन्या पद्धतीचा साधा मोजपात्राचा पर्जन्यमापकही ठेवला आहे, सकाळी साडेआठला वाचायचा.

उरला वारा. टाकी आणि शेजारच्या चार मजली इमारतीमुळे गच्चीवर वारा फिरतो, दिशादर्शक दिवसभर गिरक्या घेतो. अडथळ्याच्या उंचीच्या दहापट अंतरावर खांब हवा, ते शक्य नाही. त्या आकड्यातून आम्ही एवढेच घेतो की वारा आहे की पडला आहे, आणि काका तो कुठेही पाठवत नाहीत. पुढच्या मार्चमध्ये गच्चीला पुन्हा पांढरा कोट लागणार आहे. त्याआधी जुना सेन्सर काढायचा की तसाच ठेवायचा, यावर घरात दोन मते आहेत. काकूंना तो ठेवायचा आहे, कारण दुपारी पाण्याची मोटर बघायला गच्चीवर जाण्याआधी तिथे काय तापले आहे ते त्यांना कळायला हवे.